उघडता येणारी होडी

एकेकाळी कोकणातल्या खाडीकाठच्या गावांना श्रावण नाकाने कळायचा. पावसाची झड ओसरून जरा ऊन पडू लागलं की पुळणीवर तीन दगडांची चूल मांडली जायची आणि तिच्यावर बुडाशी काळं पडलेलं पातेलं चढायचं. कढत तेलात राळ विरघळू लागली की तिचा वास माडांच्या बागेतून थेट स्वयंपाकघरात शिरायचा. हीच राळ देवळात निखाऱ्यावर पडायची, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांना तो वास परका वाटत नसे. होड्यांचं काम निघालं, हे वेगळं सांगायला कुणी येत नसे.

आज त्याच पुळणीवर त्याच दिवसांत येणारा वास रेझिनचा असतो. तो नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि वाऱ्याची दिशा बदलली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. या दोन वासांच्या मधल्या काळात लाकूड बदललं, हत्यारं बदलली, तेलं गेली, कापूस गेला. मी या दोन्ही वासांमध्ये वाढलेल्या पिढीतला. जुनं ते सोनं म्हणत गळा काढावा इतकं ते सोपं नव्हतं, आणि झालं ते बरंच झालं म्हणून मोकळं व्हावं असंही नाही.

मिरगाच्या आधी होडी वर ओढायची, हा तेव्हाचा शिरस्ता. उधाणाच्या भरतीला ती जितकी वर येईल तितकी आणायची, मग पुढचं काम माणसांच्या खांद्यांचं. खाली ओंडे टाकायचे, ओंड्यांना तेल चोपडायचं आणि एकाने हाळी दिली की सगळ्यांनी एका दमात जोर लावायचा. ज्याची होडी नाही तोही त्या ओढीत असायचा, कारण उद्या त्याच्या घराची शाकारणी निघाली की हीच माणसं त्याच्याकडे जायची. होडी वर आली की तिच्यावर बांबूचा सांगाडा आणि त्यावर माडाचे झाप. घर शाकारतात तशीच होडीही शाकारली जायची. मग आषाढभर तिच्याकडे कुणी फिरकत नसे. नारळी पौर्णिमा जवळ आली की झाप निघायचे आणि खरी तपासणी सुरू व्हायची.

आता दिवस सरकार ठरवतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, ही तारीख तांडेलापासून बर्फवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असते. मोठी बोट वर घ्यायला क्रेन किंवा जेसीबी येतो, तासाच्या हिशोबाने पैसे घेतो आणि निघून जातो. हाळी देणारा म्हातारा आता लागत नाही. त्याच्या वाट्याचं काम यंत्राने केलं, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण त्या ओढीच्या निमित्ताने गावाला दुसऱ्याच्या होडीची तब्येत माहीत असायची, ती माहिती मात्र क्रेनबरोबर निघून गेली.

तपासणी मेस्त्रींची. सिंधुदुर्गात सुताराला मेस्त्री म्हणायचं, आणि होडी बांधणारा मेस्त्री म्हणजे घर बांधणाऱ्याहून एक पायरी वर. आमच्याकडचे मेस्त्री हातात लाकडी मोगरी घेऊन होडीला प्रदक्षिणा घालत. दर वितीवर एक टोला. ठण असा कोरडा आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की तिथे खडूची फुली. आम्ही पोरं मागे मागे. मध्येच ते थांबायचे, कान फळीजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "लाकूड आपणहून सांगता रे. तू फकत आयक."

फुली बहुधा पाण्याखालच्या भागात पडायची. तिथला शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. दिसायला तो अळीसारखा, पण जात त्याची शिंपल्याची. पिल्लू असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो, आणि मग डोक्याकडच्या दोन इवल्या शिंपल्यांनी लाकूड किसत आतल्या आत वाढत जातो. बाहेरून फळी धडधाकट, आतून पोकळ. वरून बघून काहीच कळत नाही, म्हणून तो मोगरीचा टोला. या किड्याला खारं पाणी लागतं. हे कोकणातल्या लोकांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, तरी अनेकजण पावसात होडी वर न ओढता खाडीत आत, जिथे पाणी गोडं होतं तिथे नेऊन बांधत. महिनाभर गोडं पाणी मिळालं की आतला किडा मरायचा, आणि तळाला चिकटलेली कालवंही गळून पडायची. पावसाळा हा असा फुकटचा औषधोपचार होता.

कीड लागलेली फळी काढायची म्हणजे नवी फळी आली. लाकडाची निवड हा मेस्त्रींचा खास प्रांत. फळ्यांना साग, पठाणाला म्हणजे होडीच्या कण्याला लांब, सरळ, गाठ नसलेला साग किंवा ऐन. वांकांना, म्हणजे आतल्या बरगड्यांना, निसर्गतःच वाकलेलं लाकूड हवं. सरळ लाकूड कापून बाक आणला तर त्याचे तंतू तुटतात आणि लाटेच्या माराने ते तिथेच चिरतं. म्हणून मेस्त्री रानातून जाताना झाडाच्या खोडापेक्षा फांदीकडे जास्त बघत. कुठल्या बाभळीची कुठली फांदी कुठल्या होडीच्या वांकाला बसेल, हे त्यांच्या डोक्यात दोन-तीन वर्षं आधी ठरलेलं असे. एकाच खोडातून कोरलेली लहान होडी मात्र बहुतेकदा आंब्याची.

लाकडाची ही ओढाताण जुनीच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचं प्रकरण आहे, त्यात हाच प्रश्न आलेला दिसतो. सागासारखी लाकडं परवानगीने राज्यातल्या रानातून आणावीत, पण आंबा आणि फणस आरमाराच्या कामाचे असले तरी रयतेच्या मनाविरुद्ध त्यांना हात लावू नये, ती झाडं वाढायला फार काळ जातो, असा त्याचा आशय. गंमत अशी की १९६४च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या यादीतही साग, ऐन आणि किंजळ यांच्या जोडीला आंबा-फणस आहेतच. अडीचशे वर्षांनी राज्यकर्ते बदलले, झाडं तीच राहिली. पूर्वी मालकाशी बोलून, कधी धान्यावर, कधी मासळीवर सौदा व्हायचा. आता अर्ज, पंचनामा, वाहतुकीचा पास आणि त्यानंतर सॉ मिलमधला भाव. जंगल वाचायला हवं हे खरंच, पण एका होडीच्या दोन फळ्यांसाठी एवढी यातायात कोण करणार?

साग का, याचं उत्तर मेस्त्री एका वाक्यात द्यायचे: "सागात खिळो गंजना नाय." सागात नैसर्गिक तेल असतं, ते लोखंडाला सांभाळतं. इंग्लंडातल्या ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंड खातं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधून इंग्रजांना चकित केलं त्यात या गुणाचा मोठा वाटा होता. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं उलटून गेली. तिच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता, असं सांगतात. आमच्याकडे चांदी कुणाला परवडणार? पठाण बसवताना नारळ, हळद-कुंकू आणि मेस्त्रींच्या हातात धोतराचं पान, एवढ्यावर देव राजी व्हायचा.

आता हत्यारं. मेस्त्रींची पेटी सागाचीच होती, आणि ती उघडायचा हक्क फक्त त्यांचा. वाकस हे सगळ्यांत वरचं. आडव्या पात्याचं हे हत्यार दोन पायांच्या मधल्या लाकडावर चालायचं आणि पोटरीपासून दोन बोटांवर छिलके उडायचे. चांगल्या वाकसकऱ्याने तासलेल्या फळीवर रंधा फिरवायची गरज पडत नसे. पात्याला धार करायला दगड, दगडावर पाणी, आणि धार बघायला मनगटावरचे केस. त्याच्याखाली पटाशा, आकाराप्रमाणे ओळीने. करवती, कानशी, गुण्या, ओळंबा. सूत मारायला कावेत बुडवलेली दोरी. आणि माझ्या आवडीचा सामता.

सामता म्हणजे भोक पाडायचं हत्यार. उभी लाकडी दांडी, खाली पोलादी टोक, वर हाताच्या मुठीत धरायची वाटी, आणि दांडीला वेढा देऊन मागे-पुढे ओढायची दोरीची कमान. एकाने वरून दाबायचं, दुसऱ्याने कमान ओढायची. पोरांना हे कमान ओढायचं काम मिळे आणि त्याची मोठी फुशारकी असे. भोक खिळ्याहून बारीक हवं, म्हणजे खिळा आवळून बसतो. फार बारीक झालं तर फळी चिरते. लोहाराने घडवलेला चौकोनी खिळा घ्यायचा, त्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेल्या कापसाचा वेढा द्यायचा आणि मग ठोकायचा. पलीकडे निघालेलं टोक वळवून लाकडात परत बुडवायचं. बाहेरून एकजण हातोडा धरून, आतून दुसरा ठोकणारा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त टोल्यांवरून कळतं की आता थांब, आता मार.

आज हे काम चार्जिंगचं ड्रिल काही सेकंदांत उरकतं. ग्राइंडर, इलेक्ट्रिक रंधा, चेन सॉ. लोहाराचा खिळा जाऊन गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आला, मग स्टेनलेस स्टील. यातल्या एकाही यंत्राला मी नावं ठेवणार नाही. करवत दोघांनी दिवसभर ओढली की रात्री हात ताटापर्यंत जायला तयार नसत, हे मी बघितलं आहे. ड्रिलचा एकच दोष: ते दोघांचं काम एकाचं करतं. कमान ओढणारं पोर तिथे उरलं नाही, आणि मेस्त्री पुढच्या पिढीत नेमके याच कमान ओढणाऱ्या पोरांतून तयार व्हायचे.

पण होडी बुडते की तरते, हे ठरायचं कापसावर. दोन फळ्यांच्या मधली फट हे सगळ्या लाकडी होड्यांचं मर्म. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, सुकलं की आकसतं. तेही आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे दरवर्षी वर ओढलेल्या होडीच्या फटी रुंद होणार आणि पाण्यात गेल्यावर परत मिटणार. अशा हलत्या फटीत काहीतरी मऊ, दबणारं आणि परत फुगणारं हवं. कापूस हे तिन्ही करतो.

आधी जुना कापूस आकड्याने ओढून काढायचा. काळा, तेलकट, कुजका, पण सगळा निघायलाच हवा. मग फट ब्रशने साफ. मग नवा कापूस. बायका घराच्या पडवीत बसून तो पिंजत, मांडीवर वळून निरांजनातल्या वातीसारख्या, पण हातभर लांब वाती करत. मेस्त्री ती वात फटीवर ठेवत, बोथट छिन्नी टेकवत आणि मोगरीने हलके हलके आत बसवत. एकदम जोर नाही. पहिली फेरी नुसती वात जागेवर धरून ठेवायला, दुसरी ती खाली न्यायला, तिसरी घट्ट करायला. कापूस नीट बसत चालला की मोगरीचा आवाज चढत जातो आणि शेवटी दगडावर मारल्यासारखा येतो, तेव्हा थांबायचं. सैल राहिला तर पाणी आत. आणि फार ठासला तर उद्या फळ्या फुगल्यावर त्यांना जागाच नाही, मग खिळेच उपटतात. "ठासू नको," मेस्त्री म्हणायचे, "दर्याक पण थोडी जागा ठेवूक व्हयी." यावर तेलात कढवलेल्या राळेचा लेप, आणि पुढच्या काळात डांबर.

त्यानंतर अंगाला तेल. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल सगळ्यांत नामी समजलं जायचं. ते नसलं तर तारलीचं, नाहीतर उंडीच्या बियांचं. उंडीचं झाड किनाऱ्यावरच उगवतं, बिया पोरांनी गोळा करायच्या, घाण्यावर तेल निघायचं. काही जण काजूच्या टरफलांचं तेलही वापरत, ते कातडीला लागलं की फोड येत, पण लाकडाला कीड लागू देत नसे. पाण्याखालच्या भागाला शिंपल्या भाजून केलेला चुना तेलात कालवून लावायचा. त्याआधी तळाखाली माडाच्या सुक्या पातींचा जाळ करून तळ शेकून घ्यायचा, म्हणजे शेवाळ जळतं, बारीक किडा मरतो आणि कोमट लाकूड तेल पितं. जाळ किती, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं काम. जरा चुकलं तर वर्षाची कमाई राख. हे सगळं मोसमात परत परत व्हायचं. उधाणाच्या भरतीला होडी वर घ्यायची, पाणी सुकलं की आडवी करून एक बाजू शेकायची, तेल लावायचं, पुढच्या भरतीला दुसरी बाजू.

मुशीचं ते तेल आता सहजी मिळत नाही, आणि न मिळण्यातच शहाणपण आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर होड्यांना लावायच्या तेलासाठी प्रचंड व्हेल शार्क मारले जात. लाकडी होडीच्या गोड आठवणींत ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणलं गेलं, आणि असं संरक्षण मिळालेला तो आपल्याकडचा पहिला मासा. त्याच गुजरातच्या मच्छीमारांनी पुढे जाळ्यात अडकलेले व्हेल शार्क जाळी कापून सोडायला सुरुवात केली. तेलाचा तो सुगंध, असं कुणी म्हणू लागलं की मला तो मासा आठवतो.

मालवणपासून गोव्यापर्यंतच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या तर खिळ्यांच्याही नव्हत्या. त्या शिवलेल्या असत. फळ्यांच्या कडांना जोडीजोडीने भोकं, फटीवर नारळाच्या सोडणाचा काथ्या, आणि त्यावरून काथ्याच्याच दोरीने आवळून टाके. रापण ओढायची म्हणजे लाटेवरून थेट वाळूवर यायचं. खिळ्यांची ताठ होडी त्या आदळआपटीत खिळखिळी होते, शिवलेली होडी थोडी वाकते, दबते आणि सावरते. टाके सैल झाले की दोरी कापायची, फळ्या सुट्या करायच्या, नवी दोरी घ्यायची आणि पुन्हा शिवायची. अख्खी होडी उसवून परत जोडता यायची.

बदल पहिल्यांदा आला तो इंजिनाच्या रूपाने. शिडावर बांधलेल्या होडीला वारा ढकलतो, तो बाहेरून. डिझेल इंजिन आत बसतं आणि दिवसरात्र हादरे देतं. खिळे ढिले होऊ लागले, शाफ्टच्या जागेला गळती लागली, दोन वर्षांनी बदलायची फळी दरवर्षी बदलावी लागू लागली. त्याच काळात सागाचे भाव चढले. स्वस्तातलं लाकूड टिकवण्याचे प्रयत्न झाले. कोचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज टेक्नॉलॉजीने तर रबराच्या झाडाच्या लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून त्याच्या होड्या बनवून पाहिल्या. मरीन प्लाय आला. आणि शेवटी फायबर. आता लहान होड्या जवळपास सगळ्या फायबरच्याच. मुंबई-रायगड-रत्नागिरीकडच्या मोठ्या ट्रॉलरांत लाकडी बांधणी अजून दिसते, पण वरून बऱ्याचदा फायबरचं आवरण चढवलेलं असतं.

फायबर लोकांनी का घेतलं, हे शहरातून हळहळायला येणाऱ्यांनी समजून घ्यावं. वजनाला हलकी, त्यामुळे दोघंतिघं ओढू शकतात. फटच नाही, त्यामुळे कापूस नाही. किडा तिला खात नाही. होडीतलं पाणी उपसायला एक माणूस वेगळा ठेवावा लागत नाही. ज्या बाईच्या मांड्या कापूस वळून वळून सोलवटल्या, तिला या जुन्या दिवसांबद्दल विचारा. माझ्या आजीला कुणी विचारलं असतं तर तिने कमरेवर हात ठेवून आधी हसून घेतलं असतं.

आता दुरुस्ती कशी चालते? वाडीतला एक तरुण हे काम करतो, मला काका म्हणतो. त्याच्याकडे रेझिनचा डबा, कोबाल्टची बाटली, हार्डनरची बाटली आणि काचेच्या तंतूंची मॅट. फुटलेली जागा तो ग्राइंडरने घासून घेतो, तेव्हा पांढरी धूळ उडते आणि रात्रभर अंग खाजतं. मग रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, नीट ढवळून घेतल्यावरच हार्डनर. "काका, ह्ये दोन एकमेकांत थेट पडले तर पेट घेतत," हे तो प्रत्येक नव्या पोराला बजावतो. मिश्रण झालं की घड्याळ सुरू. डबा हाताला गरम लागू लागला म्हणजे वेळ संपत आली. मॅट पसरायची, ब्रशने रेझिन पाजायचं, रोलरने एकूण एक बुडबुडा बाहेर काढायचा. बुडबुडा राहिला तर तिथून पाणी शिरणार. उन्हाळ्यात हार्डनर कमी, पावसाळी हवेत कामच पुढे ढकललेलं बरं. बघता बघता डब्यात उरलेलं रेझिन दगड होतं आणि डबा फेकून द्यावा लागतो.

या मुलाचं कौशल्य मेस्त्रींहून कमी आहे, असं मी म्हणणार नाही. हवा, वेळ आणि प्रमाण यांचा अंदाज तोही बोटांनीच घेतो. फरक आहे तो मालाच्या स्वभावात. कापूस, राळ, तेल, खिळा, काथ्या यांतली प्रत्येक गोष्ट परत काढता यायची. कापूस उपसा, खिळा उपटा, फळी उतरवा, आतलं बघा, नवं घाला. होडी उघडता यायची. तिच्या प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं होतं आणि जो भाग थकला तेवढाच बदलायचा. फायबर एकदा बसलं की बसलं. ते वितळत नाही, सुटं करता येत नाही, त्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

यातून एक नवाच रोग जन्माला आला. जुनी लाकडी होडी गळू लागली की कुणीतरी सल्ला देतं, वरून फायबर मारून घे. वर्ष-दोन वर्षं मजेत जातात. पण आतलं लाकूड अजूनही पाणी पितं आणि सुकतं, हलतं. फायबर हलत नाही. दोघांची ओढाताण होऊन आवरण कुठेतरी सुटतं, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. मोकळी असती तर वाऱ्याने सुकली असती, ती फळी आता झाकणाखाली कुजते. वरून रंग चकचकीत. एक दिवस पाय ठेवला की तो आरपार. काम करायचंच तर लाकूड पूर्ण सुकवून, जुनं तेल खरवडून, चांगल्या इपॉक्सीने करावं लागतं. तेलाने मुरलेल्या जुन्या फळीवर साधं रेझिन धरत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या पाजलेलं तेलच इथे आडवं येतं.

शेवटही बदलला. लाकडी होडी मोडीत निघाली की तिच्या फळ्या गोठ्याला, कवाडाला, चुलीला जात. खिळे लोहाराकडे परत. फायबरची होडी मोडीत निघते तेव्हा खाडीच्या कडेला पडून राहते. ती जाळावी तर विषारी धूर, विकावी तर भंगारवाला घेत नाही.

शिवलेल्या होडीचं ज्ञान मात्र अनपेक्षित जागी परत आलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात एक जहाज आहे. त्यावरून गोव्यात दिवाड बेटावर काथ्याच्या दोरीने शिवलेलं जहाज बांधलं गेलं, आणि २०२५ मध्ये 'कौंडिण्य' या नावाने ते कारवारला नौदलात सामील झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोहोचलंसुद्धा. चित्र महाराष्ट्रातलं, बांधणी गोव्यातली, पण टाके घालणारे हात केरळहून आणावे लागले. ज्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या घरोघर शिवल्या जायच्या, त्याच किनाऱ्याच्या मधोमध हे घडलं, याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, मला अजून कळलेलं नाही.

हार्टलपूलची 'ट्रिंकोमाली' दोनशे वर्षं टिकली ती नुसत्या सागाच्या जोरावर नव्हे. तिची फळी काढता येत होती आणि ती काढून नवी बसवणारे लोक १९९०च्या दशकात सापडले, म्हणून. लाकडी जहाज टिकतं म्हणजे त्याला वेळोवेळी उघडणारा कुणीतरी असतो.

सगळ्यांनी पुन्हा लाकडी होड्या बांधाव्यात, असं मला वाटत नाही. एवढा साग आणायचा कुठून, आणि आणला तरी ती वर्षावर्षाची कंबरतोड परत कुणाच्या माथी मारायची? पण किनाऱ्यावरच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतात, वेल्डर शिकवतात, तिथे वाकस धरायला, कापूस बसवायला आणि टाका घालायला शिकवणारा एखादा वर्ग निघाला तर मोठ्या खर्चाची बाब नाही. अजूनही लाकडी असलेल्या ट्रॉलरांना आणि उरल्यासुरल्या छोट्या होड्यांना त्याचा उपयोग होईल. त्या वर्गातल्या पोराने फायबरच्या होडीकडेही वेगळ्या नजरेने बघावं आणि ती विकणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: ही बिघडली तर उघडायची कशी? हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं वाढली, तर मालही तसा यायला लागेल.

आमच्या मेस्त्रींची पेटी त्यांच्या नातवाकडे आहे. तो फर्निचर करतो, मॉड्युलर किचन बसवतो, चांगलं कमावतो. मागे एकदा त्याला म्हटलं, वाकस दे मला, शोभेला भिंतीवर लावतो. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, "काका, त्येका धार आसा अजून. भित्तीर कित्याक लावतास?" आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच दाराच्या उंबऱ्याचं लाकूड त्याच वाकसाने तासून बसवलं.